बँडचे बारसे

मराठी माणसाची 'बँड' या शब्दाशी पहिली ओळख बहुधा लग्नाच्या वरातीत होते. लाल डगले, सोनेरी झालरी, पितळी कर्णे आणि पुढे नाचणारी नवरदेवाची मित्रमंडळी. या बँडच्या नावात गूढ असे काही नसते. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर मालकाचे नाव, गाव आणि टेलिफोनचा क्रमांक ठळक अक्षरांत रंगवलेला असतो. ज्याला पुढच्या कार्याचे बोलावणे करायचे असेल त्याने तो टिपून घ्यावा. इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉक बँडांचे मात्र तसे नाही. त्यांची नावे मराठीत उतरवून पाहावीत. 'गडगडते धोंडे', 'कृतज्ञ मृत', 'शिशाचे हवाई जहाज'! नाव ठेवणारे त्या वेळी शुद्धीवर होते काय, अशी शंका कोणाही सज्जन गृहस्थाला यावी.

१९७० च्या सुमारास ही शंका घराघरांतले वडील केस वाढवलेल्या मुलांसमोर बोलून दाखवीत असत. काळाची गंमत अशी की त्या वेळी रागे भरून घेणारी मुले आज स्वतः आजोबा झाली आहेत. आता प्रश्न विचारतो तो नातू. 'आजोबा, हा पिंक फ्लॉइड नक्की कोण होता?' असे त्याने विचारायचा अवकाश, आजोबांची कळी खुलते. मग गाणे बाजूला राहते आणि गप्पा सुरू होतात त्या नावाच्या. ते कोणी ठेवले, कोण कोणत्या साली बँड सोडून गेला, कोणत्या गावची कोणती मैफल सरस ठरली. स्वयंपाकघरातून आजींचा आवाज येतो, 'जेवायला या, ती माणसे काही पळून जात नाहीत.' बाहेरच्याला हा सारा रिकामा उद्योग वाटतो. पण या नावांच्या मुळाशी जाऊन पाहिले म्हणजे कळते की हा उद्योग वाटतो तितका रिकामा नाही.

आधी आपल्याच घरात पाहू. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, तेव्हा ते नाव शब्दकोशातला अर्थ पाहून ठेवलेले असतेच असे नाही. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आधीची मुले दगावली असली की पाठच्या मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव देत. हेतू एवढाच की काळाची नजर त्याच्यावर पडू नये. दगडू या नावाचा अर्थ दगड हा नव्हेच. त्याचा अर्थ त्या आईच्या काळजात असतो. नावाला अर्थापेक्षा कथा अधिक असते. ती कथा सांगणारे कोणी घरात उरले नाही, की मग नाव विचित्र वाटू लागते.

'रोलिंग स्टोन्स' हा आपल्या धोंडूचाच इंग्रज भाऊबंद. १९६२ साली लंडनमध्ये काही तरुण एकत्र आले. ब्रायन जोन्स हा त्यांतला गिटारवादक एका संगीतविषयक पत्राच्या कचेरीशी फोनवर बोलत होता. 'तुमच्या बँडचे नाव काय?' असा प्रश्न आला. नाव तर ठरलेले नव्हते. जमिनीवर मडी वॉटर्स या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकाची तबकडी पडली होती. तिच्यावरच्या एका गाण्याचे शीर्षक त्याने वाचून दाखवले, अशी हकीकत आहे. ते गाणे मडी वॉटर्सने १९५० साली ध्वनिमुद्रित केले होते. आता या गायकाचे नाव तरी पाहा. त्याचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. लहानपणी तो चिखलपाण्यात खेळे, म्हणून आजीने त्याला 'मडी' म्हणायला सुरुवात केली. मिसिसिपीच्या काठच्या एका आजीने लाडाने 'चिखल्या' म्हटले, तो चिखल्या मोठा गवई झाला, आणि त्याच्या गाण्याच्या नावावर लंडनच्या पोरांनी साठ वर्षांहून अधिक काळ जग गाजवले.

'बीटल्स'चेही तसेच. बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या साथीदारांचे नाव होते 'क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे. हॉली १९५९ साली विमान अपघातात अवघ्या बावीसाव्या वर्षी गेला. १९६० साली लिव्हरपूलच्या मुलांनी आपल्यासाठी दुसरा एक किडा निवडला, भुंगेरा. आणि त्याच्या इंग्रजी वर्णांत एका अक्षराचा फेरफार करून तालाला इंग्रजीत असलेला 'बीट' हा शब्द त्यात बसवला. रातकिड्यांना भुंगेऱ्यांनी केलेला तो नमस्कार होता.

सगळीच नावे अशी भक्तिभावाने ठेवलेली असतात असे मात्र नाही. काही निव्वळ अडचणीतून जन्मली. एक होतकरू बँड इतका सामान्य समजला जाई की एकदा वाजवून गेल्यावर क्लबवाले त्याला पुन्हा बोलावीत ना. म्हणून दलालांच्या कचेरीतून दर खेपेस नवे नाव लावून त्यांना पाठवण्यात येई. तिथल्या एका इतिहासप्रेमी माणसाने एक खेप 'जेथ्रो टल' हे नाव लावले, आणि नेमके त्याच खेपेचे वादन क्लबाच्या चालकाला आवडले. पुन्हा बोलावणे आले, म्हणून ते नाव कायम झाले. हा जेथ्रो टल कोण? अठराव्या शतकातला इंग्रज शेतीतज्ज्ञ. १७०१ साली त्याने ओळीत बी पेरणारे यंत्र तयार केले. म्हणजे आपल्या भाषेत पाभरीवाला! या पाभरीवाल्याच्या नावाने चालणाऱ्या बँडचा म्होरक्या इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो, हे पाहिल्यावर आपल्या घरातील आजींना कोणत्या देवाची आठवण होईल हे सांगायला नको.

'यूबी ४०' या नावाने तर हसू येता येता थांबते. १९७८ साली बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या-काळ्या तरुणांचा एक बँड उभा राहिला. हाताला काम नाही, खिशात दमडी नाही. बेकारभत्त्यासाठी सरकारदरबारी जो नमुना भरावा लागे त्याचा क्रमांक यूबी ४०. तेच बँडचे नाव झाले, आणि पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्या कार्डाचेच चित्र छापले गेले. ज्या कागदाची लाज वाटावी तोच त्यांनी ललाटी लावला.

'लेड झेपेलिन' हे नाव थट्टेतून आले. इंग्रजीत एखादा बेत साफ कोसळला की तो शिशाच्या फुग्यासारखा खाली आला असे म्हणतात. 'हू' या बँडच्या ड्रमवादकाने, कीथ मूनने, नव्या मंडळीविषयी असे काही भाकीत केले म्हणतात. फुग्याचे पुढे अवाढव्य झेपेलिन हवाई जहाज झाले. शिसे या शब्दाचा उच्चार लोक चुकवतील म्हणून त्यातला एक वर्ण गाळण्यात आला. पण नाव म्हणजे कोणाची तरी मालमत्ता असते, हे त्यांना लवकरच कळले. झेपेलिन घराण्यातील एका बाईंनी कोर्टात खेचण्याचा इशारा दिला, तेव्हा २८ फेब्रुवारी १९७० रोजी कोपनहेगन येथील कार्यक्रम त्यांना 'नॉब्ज' या भलत्याच नावाने करावा लागला. याच बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ साली मुंबईत आले आणि त्यांनी तिथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले, ही आपल्या बाजूची आठवण.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. पिंक फ्लॉइड नावाचा माणूस कधीच नव्हता. ती दोन माणसे होती. पिंक अँडरसन हा साउथ कॅरोलायनाचा आणि फ्लॉइड काउन्सिल हा नॉर्थ कॅरोलायनाचा. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही गिटार वाजवून 'ब्लूज' गाणारे. पिंक अँडरसनने उमेदीची वर्षे औषधविक्याच्या खेळात घालवली. गावोगाव गाडी थांबायची, याने गाऊन-नाचून गर्दी जमवायची, आणि मग वैद्यबुवांनी सर्व रोगांवर चालणारी बाटली विकायची, असा तो धंदा. या दोघांची नावे एका तबकडीच्या वेष्टनावरील मजकुरात लागोपाठ छापली होती. केंब्रिजच्या सिड बॅरेट या तरुणाने ती वाचली, आणि १९६५ साली आपल्या बँडला नव्या नावाची गरज पडली तेव्हा दोन्ही नावे जोडून दिली. पिंक अँडरसन १९७४ साली वारला, फ्लॉइड काउन्सिल १९७६ साली. त्यांच्या नावांनी तोवर लाखो तबकड्या विकल्या गेल्या होत्या, पण त्या दोघांची गाणी ऐकणारे थोडेच होते. आजही बहुतेक रसिक त्यांच्यापर्यंत पोचतात ते या नावाचा माग काढूनच.

नाव देणाऱ्या सिडची कथा याहून करुण. त्याचे मन हळूहळू बिघडत गेले आणि १९६८ साली त्याला बँड सोडावा लागला. ५ जून १९७५ रोजी लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत त्याचे जुने सोबती त्याच्याच आठवणीवर रचलेल्या गाण्याचे काम करीत बसले होते. तेवढ्यात एक स्थूल, डोके आणि भुवयासुद्धा भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ कोणाला ओळख पटेना. तो सिड होता. ओळख पटली तेव्हा त्यांच्यापैकी काहींना अश्रू आवरले नाहीत. ज्याने नाव दिले तो अनोळखी झाला, आणि त्याने दिलेले नाव पृथ्वीच्या पाठीवर सर्वांच्या ओळखीचे. २००६ साली सिड गेला.

गुरूच्या नावाचीही एक कथा या दुनियेत आहे. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल गावच्या शाळेत लेनर्ड स्किनर नावाचे व्यायामशिक्षक होते. मुलांचे केस कॉलरला टेकता कामा नयेत हा शाळेचा नियम, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे स्किनर मास्तर. केस वाढवणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी पुढे बँड काढला आणि मास्तरांचा सूड म्हणून त्यांच्याच नावाची अक्षरे वाकडीतिकडी करून 'लिनर्ड स्किनर्ड' असे नाव घेतले. १९७३ साली पहिली तबकडी निघाली, तेव्हा या नावाचा उच्चार कसा करावा हे वेष्टनावर छापावे लागले. मास्तर तोवर शाळा सोडून घरे-जमिनींच्या दलालीत शिरले होते. १९७५ च्या तबकडीच्या वेष्टनात त्यांच्या दुकानाच्या पाटीचे छायाचित्र टेलिफोन क्रमांकासह छापले गेले आणि कुठकुठल्या चाहत्यांचे फोन त्यांना येऊ लागले. वरातीच्या ढोलावरल्या क्रमांकाचेही इतके चीज झाले नसेल! पुढे मास्तरांचा राग निवळला. जॅक्सनव्हिलमधल्याच एका कार्यक्रमात त्यांनी रंगमंचावर येऊन या बँडचा परिचय करून दिला. पण २० ऑक्टोबर १९७७ रोजी बँडचे भाड्याचे विमान इंधन संपून मिसिसिपीच्या रानात कोसळले. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण गायिका कॅसी यांच्यासह सहा जण मृत्यू पावले. थट्टेने घेतलेले मास्तरांचे नाव आता मृतांच्या स्मारकावरचे नाव झाले. मास्तर २०१० पर्यंत जगले.

इथे आपल्याला आपल्या एका नावाची आठवण येते. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर हे 'सवाई गंधर्व' या नावाने ख्यातकीर्त झाले. सवाई म्हणजे सव्वापट. 'सव्वा गंधर्व' असे शब्दशः भाषांतर एखाद्या अमेरिकन माणसापुढे ठेवले, तर त्यालाही आपल्यासारखेच हसू येईल! १९५२ साली ते निवर्तले आणि पुढच्याच वर्षी शिष्योत्तम भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या नावाने संगीत महोत्सव सुरू केला. एकीकडे वाह्यात विद्यार्थ्यांनी घेतलेले मास्तरांचे नाव, दुसरीकडे शिष्याने मस्तकी धरलेले गुरूंचे नाव. भाव किती वेगळे! तरीही दोन्ही ठिकाणी शिष्यांनीच नाव जगभर नेले, एवढे मात्र खरे.

'कृतज्ञ मृत' म्हणजे 'ग्रेटफुल डेड' हे नाव कानाला सर्वांत भेसूर, पण कथा सर्वांत सात्त्विक. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या या मंडळीने आधी घेतलेले नाव दुसऱ्या एका बँडचेही आहे असे कळले, म्हणून १९६५ साली जेरी गार्सियाने एका सोबत्याच्या घरी कोश उघडला आणि या शब्दांवर त्याची नजर स्थिरावली. हे एका जुन्या लोककथेचे नाव आहे. एका वाटसरूला एक प्रेत बेवारस पडलेले दिसते. मेलेल्याने कर्ज फेडले नाही म्हणून सावकार अंत्यविधी होऊ देत नाहीत. वाटसरू आपल्याजवळचे होते-नव्हते ते देऊन कर्ज फेडतो आणि त्या अनोळखी मृताला माती देतो. पुढे वाटसरू संकटात सापडतो, तेव्हा एक अज्ञात सोबती त्याला तारून नेतो. तो सोबती म्हणजे त्या मृताचाच आत्मा.

या बँडचे चाहते त्याच्या नावाला जागले. प्रत्येक मैफलीत वादन निराळे होई, म्हणून चाहते स्वतः यंत्रे घेऊन येत आणि ध्वनिमुद्रण करीत. बँडने त्यांना अटकाव तर केला नाहीच, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखली. संकेत एकच, या फिती विकायच्या नाहीत, आपसांत द्यायच्या-घ्यायच्या. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेली मैफल फितींवरून हातोहात पसरली आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात दाखल झाली. दोन चाहते भेटले की नुसती तारीख उच्चारतात आणि एकमेकांना ओळखतात. आपल्याकडच्या खाजगी बैठकींचे स्पूल जिवापाड जपणारे आणि 'त्या रात्रीचा मारवा' एवढेच म्हणून डोळे मिटणारे रसिक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात परके काहीच वाटणार नाही.

आपल्या देशातही असे बारसे होतच होते. सिमला नावाच्या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी बीट संगीताच्या स्पर्धा भरत, आणि १९७० व १९७१ सालच्या त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांतल्या एका बँडचे नाव होते 'जेन्युइन स्पेअर्स'. मोटारीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानावरची पाटी! मैफलींच्या नावांचीही हीच तऱ्हा. अमेरिकेतला १९६९ चा वुडस्टॉकचा प्रख्यात उत्सव वुडस्टॉकला झालाच नाही. तो कित्येक मैल दूर बेथेल येथे एका दुग्धव्यावसायिकाच्या कुरणावर झाला, आणि पहिल्या रात्री पावसात रविशंकरांची सतार वाजली. त्याचा कित्ता आपल्याकडे १९७१ साली लोणावळ्याजवळच्या मळवलीत गिरवला गेला, त्याचे नाव 'स्नेहयात्रा'. आणि १९९० साली दिल्लीत उभ्या राहिलेल्या 'इंडियन ओशन' या बँडचे नाव सुचवले ते त्यातल्या राहुल राम यांच्या वडिलांनी. रागे भरणाऱ्या वडिलांपासून नाव सुचवणाऱ्या वडिलांपर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांचा. राहुल राम पूर्वी नर्मदा खोऱ्यातील आंदोलनात वावरले; तिथले रेवामाईचे लोकगीत या बँडने २००० सालच्या 'कंदिसा' या संग्रहात गायिले. नर्मदेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या आपल्या माळव्यातील वाचकांना ते निश्चित जवळचे वाटेल.

आता शेवटचा आणि थोडा अवघड प्रश्न. ५ मार्च २०२३ रोजी गॅरी रॉसिंग्टन गेले आणि 'लिनर्ड स्किनर्ड'च्या मूळ मंडळींपैकी कोणी उरले नाही. १९८७ पासून रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गातो आहे. बँड त्यानंतरही चालूच राहिला. चाहत्यांत यावर कडाक्याचे वाद झाले. एक पक्ष म्हणतो, मूळचे कोणी नाही, तर नाव कशाला? दुसरा म्हणतो, नाव आहे म्हणूनच गाणे आहे. घराण्याची कल्पना रक्तात असलेल्या आपल्याला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे चटकन पटते. कैराना गाव न पाहिलेले गवई किराण्याचे गातातच की! पण पहिल्या पक्षालाही ऐकून घ्यायला हवे. नुसते नाव चालवणे पुरेसे नाही. ते कोणाकडून आले हे ठाऊक नसेल, तर तो केवळ पाटीचा धंदा होतो.

हा प्रश्न आपल्या दारावरच्या पाटीलाही विचारता येतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे चार-पाच पिढ्या नांदलेल्या कितीतरी घरांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, आणि त्या 'कर'च्या आधीचे गाव घरातल्या कोणी पाहिलेले नाही. मुले फॉर्मवर ते आडनाव लिहितात, शाळेत कोणी त्याचा उच्चार चुकवला तर दुरुस्त करतात, आणि तेवढ्यावर गोष्ट संपते. ती तेवढ्यावर संपू नये असे वाटते. घरातला मुलगा वा मुलगी एखाद्या चमत्कारिक नावाच्या बँडचे गाणे मोठ्याने लावील, तेव्हा आवाज कमी करायला जरूर सांगावे. पण त्याबरोबर 'हे नाव कशावरून पडले रे?' असेही विचारावे. आजची मुले ते क्षणात शोधून सांगतात. त्याने सांगून झाले की आपल्या आडनावाचे गाव कोणते, तिथून कोण, कधी आणि कशासाठी निघाले, हे आपण त्याला सांगावे. आपल्यालाही ते ठाऊक नसेल, तर घरातल्या थोरल्या माणसांना याच महिन्यात विचारून घ्यावे.